यरीहोची वाट आणि न वटलेला चेक

मार्टिन ल्यूथर किंग म्हटले की आपल्याला त्यांचे 'स्वप्न' आठवते. पाळकांच्या भाषेत गोष्ट काम कसे करते हे पाहायचे, तर आम्ही त्यांच्या शेवटच्या भाषणाकडे वळतो. ३ एप्रिल १९६८, मेम्फिस. तिथले सुमारे तेराशे सफाई कामगार फेब्रुवारीपासून संपावर होते. कचऱ्याच्या गाडीत दोघे चिरडून मेले, तिथून हे पेटले. किंग बाप्टिस्ट पाळक. त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेतला. लुटारूंनी मारहाण करून टाकलेला वाटसरू. याजक आणि लेवी बाजूने निघून जातात, परका शोमरोनी थांबतो.

हा दाखला कुठल्याही चर्चमध्ये ऐकायला मिळतो आणि तात्पर्य ठरलेले असते, दया करा. किंग आधी रस्ता दाखवतात. यरुशलेमहून यरीहोला आपण पत्नीबरोबर भाड्याच्या मोटारीने गेलो होतो, म्हणतात. वळणावळणाचा उतार, दबा धरायला सोयीचा. म्हणजे याजक कदाचित घाबरला असेल! इथे गोष्ट फिरते, बघा. थांबलो तर माझे काय होईल, हा त्याचा प्रश्न. शोमरोनी तो उलटा करतो: नाही थांबलो तर याचे काय होईल? मग सभागृहातल्या माणसाला याजकाला नावे ठेवून सुटता येत नाही, कारण ती भीती त्याच्याही पोटात आहे. त्याच भाषणात कोणाचा माल घ्यायचा नाही, पैसे कोणत्या बँकेत ठेवायचे, हेही सांगितलेले आहे.

१९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणातला चेक याच जातीचा. अमेरिकेने काळ्या नागरिकांना दिलेला चेक वटलाच नाही, खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला. असा माणूस आपले येणे मागतो, त्याला याचक म्हणता येत नाही. चेक लिखित मसुद्यात होता, स्वप्न बोलता बोलता आले. जगाने उचलले ते स्वप्न. त्यात कुणाला काही देणे लागत नाही ना!

मेम्फिसच्या भाषणाचा शेवट डोंगराचा. मोशेने नबो डोंगरावरून वचनदत्त देश पाहिला, आत मात्र जाता आले नाही. दुसऱ्याच दिवशी किंग यांची हत्या झाली आणि या रूपकाला भविष्यवाणीचे वलय आले. त्यावर टीका करताना जीभ अडखळते, तरी आम्ही करतो. आपण सगळे पोहोचू, असा दिलासा त्यात आहे, हे खरे. पण डोंगरावर एकटा नेता, लोक पायथ्याशी. त्यांनी वाट पाहायची. यरीहोच्या वाटेवर प्रत्येकाला काही करायचे असते. मेम्फिसचे कामगार तर वाट पाहत बसले नाहीत, संप चालूच ठेवला. १६ एप्रिलला शहराने त्यांची संघटना मान्य केली आणि पगारवाढ दिली.