ॲन्टेना उतरला, हिशोब अर्धाच राहिला

‘डिजिटल संक्रमण’ म्हणजे नेमकं काय, असं बरेच जण विचारतात. आपल्या अमळनेरचंच घ्या. केबल डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्यात नगरपालिकांची शहरं होती, मुदत ३१ डिसेंबर २०१५. आसपासची खेडी चौथ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१७पर्यंत. पुढे प्रसार भारतीने दूरदर्शनचे ॲनालॉग प्रक्षेपकही टप्प्याटप्प्याने बंद केले. कारणं दिली ती अशी: तंत्र कालबाह्य झालं, विजेचा खर्च वाचेल, ५जीसाठी स्पेक्ट्रम मोकळा होईल.

कारणं खोटी नाहीत, पण हिशोब अर्धा आहे. पूर्वी छपरावरच्या ॲन्टेनावर भागायचं. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही हे खरं. छत्री आणि बॉक्स मात्र आपल्याच खिशातून. म्हणजे वाचलेल्या खर्चातला काही प्रेक्षकाकडे सरकला. शिवाय फ्री डिशवर खाजगी वाहिन्यांना जागा लिलावाने मिळते. तिथे अहिराणीसाठी बोली लावणार कोण?

डिजिटायझेशनचं यश किती घरांत बॉक्स बसले यावर मोजलं गेलं. त्या बॉक्समधून आपल्या भागाचं काय दिसतं, हेही मोजायला हवं. उद्या पाळी रेडिओची आहे. जळगाव आकाशवाणीबद्दल हा प्रश्न आत्ताच विचारू या.