कृष्णवर्णीय स्त्रियांचा पियानो आणि वेगळी मैफल

आफ्रिकी वंशाच्या स्त्री-रचनाकारांच्या खास पियानो-मैफली अलीकडे पाश्चात्त्य देशांत भरू लागल्या आहेत. फ्लॉरेन्स प्राइस, मार्गारेट बाँड्स ही नावे त्यांत हमखास असतात. हे स्वागतार्हच आहे. पण सत्कार करूनही माणसाला पंक्तीबाहेर ठेवता येते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

प्राइसबाईंचा जन्म १८८७ चा, आर्कान्सामधील लिटल रॉकचा. बॉस्टनला संगीत शिकायला गेल्या तेव्हा त्यांचे गाव मेक्सिकोतले म्हणून नोंदवले गेले. (आडनाव बदलून शहरात खोली मिळवणाऱ्यांना याचे कारण ठाऊक आहे.) १९२७ मध्ये लिटल रॉकमध्ये जमावाने एका कृष्णवर्णीयाचा बळी घेतला, त्याच वर्षी हे कुटुंब शिकागोला गेले. १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने त्यांची ई मायनर सिंफनी वाजवली. अमेरिकेतील बड्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिली वेळ. १९४३ मध्ये बॉस्टनचे वाद्यवृंद-संचालक कुसेवित्स्की यांना त्यांनी लिहिले, की मी स्त्री आहे आणि माझ्यात काळे रक्त आहे, पण मला सवलत नको. रचना गुणांवर पारखा. १९५३ मध्ये त्या वारल्या. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका ओसाड घरात त्यांच्या हस्तलिखितांच्या चळती सापडल्या. ज्या बाईने सवलत नाकारली, तिला आज राखीव मैफल मिळते!

आपणही येथे कमी पडलो. 'पँथर' हे नाव आपण १९७२ मध्ये तिकडून घेतले, काळ्या कवी-कादंबरीकारांवर भरभरून लिहिले. या स्त्रिया मात्र आपल्या चर्चेत आल्या नाहीत. पियानो हे मालकाच्या दिवाणखान्यातले वाद्य, म्हणून आपण संशय धरला असेल काय?

तो संशय अगदीच अनाठायी नाही. प्राइसबाईंच्या 'फँटसी नेग्र' (१९२९) या रचनेची सुरुवात लिस्टच्या थाटाची आहे. दारावर प्रमाणपत्र दाखवावे तशी. मग गुलामांचे एक धर्मगीत येते आणि सगळा थाट त्याच्या चाकरीला लागतो. बाँड्स मला अधिक निर्भय वाटतात. 'ट्रबल्ड वॉटर'मध्ये डाव्या हाताची एकच आकृती पुन्हापुन्हा घुमते, तिच्यावर 'वेड इन द वॉटर' हे धर्मगीत उभे राहते, आणि जॅझचे स्वरमेळ कुणाचीही परवानगी न घेता आत शिरतात.

मैफलीत बहुधा शेवटी ठेवावा असा तुकडा म्हणजे प्राइसबाईंच्या 'डान्सेस इन द केनब्रेक्स' (१९५३) मधला तिसरा नाच, 'सिल्क हॅट अँड वॉकिंग केन'. त्याची चाल केकवॉकची. मळ्यावरचे गुलाम मालकांच्या ऐटबाज चालण्याची नक्कल करीत, त्यातून हा नाच आला असे सांगतात. वादकाने तो नुसता गोड करून वाजवला, तर रेशमी टोपी तेवढी दिसते. टोपीखालचे हसू ऐकू येत नाही.