चौकट, लय आणि लौकिक : छायाचित्रातील रचनादृष्टीविषयी

मराठी सौंदर्यविचारात काव्य, चित्र, संगीत आणि नाट्य यांची उदाहरणे जितक्या सहजतेने येतात, तितक्या सहजतेने छायाचित्र येत नाही. यंत्राने टिपलेल्या प्रतिमेत निर्मितीला कितपत अवकाश असतो, ही शंका या उपेक्षेमागे असावी. वास्तविक रचना म्हणजे काय, ती शिकता येते का आणि तिचा अनुभवाशी संबंध कोणता, हे प्रश्न छायाचित्राच्या संदर्भात अधिकच तीव्र होतात. चित्रकाराला विषय टाळता येतो. छायाचित्रकाराला तो टाळता येत नाही. कॅमेऱ्यासमोर काहीतरी असावेच लागते आणि ते त्याने निर्माण केलेले नसते. रचनादृष्टीचा विकास म्हणजे सुबक मांडणीचे नियम आत्मसात करणे नव्हे, तर समोरच्या वस्तुजाताला रूप देत असतानाच त्याच्याशी उत्तरदायी राहण्याची क्षमता वाढवणे होय, अशी भूमिका येथे मांडायची आहे.

मुंबईत छायाचित्रणाच्या शिक्षणाची परंपरा बरीच जुनी आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्याशी निगडित होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्या काळी शिक्षणाचा भर साहजिकच रसायने, काच आणि प्रकाश यांवर असणार. तंत्र सुलभ होत गेले तसा हा भर रचनेच्या नियमांकडे सरकला. यातला सर्वांत प्रचलित नियम एक-तृतीयांशाचा : चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग कल्पावेत आणि महत्त्वाचा घटक त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदबिंदूंवर आणावा. हा नियम मुळात छायाचित्रणाचा नाही, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण निसर्गचित्रांविषयी लिहिताना तो मांडला. छायाचित्रणाचा शोध तेव्हा लागायचा होता.

नियमाचे हे मूळ लक्षात घेतले की त्याची मर्यादाही लक्षात येते. चित्रकार कोऱ्या पृष्ठभागापासून आरंभ करतो आणि एकेक घटक त्यात आणतो. छायाचित्रकारासमोर सारे काही आधीच हजर असते. त्याला वगळत जावे लागते. त्याची निर्मिती मुख्यतः व्यावर्तनाची आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील जॉन झारकोव्स्की यांनी १९६४ च्या आपल्या प्रदर्शनात आणि १९६६ साली त्यावरून झालेल्या पुस्तकात छायाचित्राचा विचार पाच अंगांनी केला : प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि पाहण्याचे स्थान. या पाचांत ‘मांडणी’ नाही, हे सूचक आहे. कोठे उभे राहायचे, केव्हा थांबायचे आणि कडा कोठे कापायची, या तीन निवडींतूनच मांडणी सिद्ध होते. म्हणूनच नवशिक्याची दृष्टी चौकटीच्या मध्यावर खिळते, तर परिपक्व दृष्टी तिच्या चार कडांवर फिरते.

या निवडींतून सिद्ध होणाऱ्या रूपाचे विश्लेषण करण्यासाठी मराठीत एक समर्थ साधन उपलब्ध आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटनेची उपपत्ती लावली. कोणत्याही दोन घटकांमध्ये साम्य, वैषम्य किंवा तुल्यभार यांपैकी एखादे नाते प्रस्थापित होते आणि अशा नात्यांच्या संघटनेतून सौंदर्य आकाराला येते, असा त्यांच्या विचाराचा सारांश सांगता येईल. एक-तृतीयांशाचा नियम घटकाची जागा सांगतो. लयतत्त्वे घटकांमधली नाती दाखवतात. शिक्षणाच्या दृष्टीने हा फरक मूलगामी आहे. जागा पाठ करता येते, नाते मात्र प्रत्येक वेळी नव्याने ओळखावे लागते.

एका प्रत्यक्ष स्थळावर हा विचार तपासून पाहता येईल. मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या दरम्यान १९६८ साली कांजूरमार्ग हे स्थानक झाले. त्याच्या पश्चिमेला पवईच्या टेकड्या आहेत, तर पूर्वेला द्रुतगती महामार्गापलीकडे मिठागरांची जमीन, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. मिठागराचे दृश्य कॅमेऱ्याला जणू तयारच मिळते. भरतीचे पाणी अडवण्यासाठी घातलेले बांध जमिनीचे चौकोन पाडतात. चौकोनांची पुनरावृत्ती संवादलय निर्माण करते. पांढऱ्या मिठाचा ढीग आणि काळसर चिखल यांत विरोधलय असते. आणि दूरच्या टेकडीची रेषा जवळच्या बांधाला तोलून धरते. स्वतः मिठागरच श्रमातून झालेली रचना असल्याने छायाचित्रकाराचे काम अर्धे झालेले असते. अशा दृश्याचे छायाचित्र चुकणे कठीण, आणि त्यातून काही शिकणेही कठीण.

पवईच्या आय.आय.टी.ला हेच स्थानक जवळचे. तेथील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ साली स्थापन झाले. र. कृ. जोशी यांच्यासारखा कवी आणि अक्षरकार १९८३ ते १९९६ या काळात तेथे अध्यापन करीत होता. अक्षररचनेत शाईच्या रेघेइतकीच तिने वेढलेली पांढरी पोकळी महत्त्वाची असते. ‘ठ’चे रूप त्याच्या गोलाइतकेच आतल्या रितेपणाने ठरते. रचनेचे शिक्षण या पातळीवर सर्व दृश्यकलांना समान आहे. छायाचित्राच्या विद्यार्थ्यालाही प्रथम वस्तूंमधली रिकामी जागा पाहायला शिकावे लागते. येथपर्यंत मर्ढेकरांची साथ पुरते.

ती कोठे अपुरी पडते हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. याच कांजूरमार्गच्या पूर्वेला, खाडीच्या बाजूला, महानगरपालिकेची कचराभूमी आहे आणि मुंबईच्या कचऱ्याचा मोठा भाग तेथे येतो. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या जागेपैकी सुमारे १२० हेक्टर क्षेत्र संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. एकच भूमी वन की कचराभूमी, हा जेथे वादाचा विषय आहे, तेथे चौकटीची कडा निरागस राहू शकत नाही. ती खारफुटीवर थांबली तर निसर्गदृश्य होते, कचऱ्यावर थांबली तर तक्रार होते. दोन्ही एकत्र आली तर प्रश्न उभा राहतो. तिन्ही छायाचित्रे लयतत्त्वांच्या निकषावर सारखीच निर्दोष असू शकतील. मर्ढेकरांच्या विचारात चित्राचे सौंदर्य रंग-रेषांच्या संघटनेत असते आणि विषयाचा लौकिक आशय गौण ठरतो. त्यामुळे या तीन चौकटींतला भेद सांगायला त्यांच्याकडे शब्द उरत नाहीत.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराची द्विध्रुवात्मकता दाखवून दिली : एका टोकाला कलेची स्वायत्तता, दुसऱ्या टोकाला तिचे लौकिक जीवनाशी नाते. छायाचित्र हे या दोन ध्रुवांमधला ताण आपल्या माध्यमातच वाहणारे कलारूप आहे, असे म्हणता येईल. त्यातली प्रत्येक रेषा एकाच वेळी रेषाही असते आणि कोणाचा तरी हात, कोणाची तरी भिंतही असते. रघुबीर सिंग यांच्या मुंबईवरील पुस्तकात (१९९४) आरसे, दुकानांच्या काचा आणि प्रतिबिंबे यांमुळे एका चौकटीत अनेक चौकटी येतात. ही रचना केवळ चमत्कृती वाटत नाही, कारण एकाच जागेत दाटलेली अनेक जगे हा या शहराचा लौकिक अनुभवच आहे. तेथे रूप आणि लौकिक परस्परांना आधार देतात.

सुधारक ओलवे यांच्या कृष्णधवल छायाचित्रांत हा ताण टोकाला पोचतो. १९८८ पासून मुंबईत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम केलेल्या ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे, म्हणजे प्रामुख्याने दलित समाजातील माणसांचे, दीर्घकाळ चित्रण केले. या कामाला त्यांनी दिलेल्या ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ या नावातच त्यांची भूमिका व्यक्त होते. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्यात आणि गटारात उतरून काम करणारी माणसे हा येथे विषय आहे. रंग वगळल्यामुळे घाण आणि देह एकाच करड्या छटांत येतात. म्हणजे औपचारिक दृष्टीने संवादलय साधते. परंतु हा संवादच अस्वस्थ करतो. माणूस आणि कचरा यांतला भेद डोळ्याला शोधावा लागतो, आणि तो शोधावा लागणे हीच त्या छायाचित्राची सामाजिक अर्थवत्ता होय. लय येथे सुखद उरत नाही. जातिव्यवस्थेने घडवलेल्या एका भीषण साम्याची ती साक्ष होते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. सुघटित रचना दुःखाला देखणे करते आणि पाहणाऱ्याला त्याच्या जबाबदारीतून मोकळे करते. सुझन सोन्टॅग यांनी १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’ या ग्रंथात कॅमेऱ्याच्या या सुशोभीकरणाच्या प्रवृत्तीवर कठोर टीका केली. पुढे २००३ साली सेबास्तियाव साल्गादो यांच्या स्थलांतरितांच्या छायाचित्रांची चर्चा करताना त्यांनी अधिक नेमका मुद्दा मांडला : दोष देखणेपणात तितकासा नसून, दुर्बलांना नावाशिवाय, केवळ त्यांच्या दुर्बलतेपुरते दाखवण्यात आहे. हा मुद्दा स्वीकारला तर सफाई कामगाराचे छायाचित्र ओबडधोबड असावे असा निष्कर्ष निघत नाही. ढिसाळ रचना अधिक प्रामाणिक असते, हा भ्रम आहे. तीत माणूस नुसता हरवतो. निकष वेगळा हवा : रचनेने माणसाला आकारात विरघळवले, की आकाराच्या साह्याने त्याचे व्यक्तित्व अधोरेखित केले? कामगाराला त्याच्या कामाबरोबरच त्याच्या घरातही पाहणारी छायाचित्रमालिका या निकषाकडे गांभीर्याने पाहते. एका चौकटीने वगळलेले ती दुसऱ्या चौकटीत परत आणते. व्यावर्तनाच्या कलेला मालिका हे असे आवश्यक प्रायश्चित्त आहे.

आता सर्जनशीलतेच्या विकासाचा प्रश्न नव्या प्रकाशात पाहता येतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा ‘निर्णायक क्षण’ (१९५२) बहुधा प्रतिभेच्या विजेसारखा सांगितला जातो. परंतु त्याआधी त्यांनी आंद्रे लोत या चित्रकाराकडे रचनेचे कडक शिक्षण घेतले होते. क्षण ओळखता आला, कारण नाती ओळखण्याचा सराव आधी झालेला होता. सर्जनशीलता आणि शिस्त यांत विरोध नाही. प्रश्न शिस्त कोणती, एवढाच आहे. नियमांच्या शिस्तीतून सारखीच देखणी छायाचित्रे निपजतात. पुनर्दर्शनाच्या शिस्तीतून दृष्टी घडते. एकाच भिंगाने, एकाच जागी, वेगवेगळ्या प्रहरी आणि ऋतूंत परत जाणे. निवडलेल्या प्रतिमेइतकाच टाकून दिलेल्या प्रतिमांचा अभ्यास करणे. कडेबाहेर काय राहिले याची नोंद ठेवणे. आणि ज्याचे छायाचित्र घेतले त्याच्याशी बोलणे, हे या शिस्तीचे घटक होत. त्यांतला शेवटचा घटक रचनेच्या पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. तो नीतीच्या प्रकरणात ढकलला जातो. वस्तुतः तो रचनेचाच भाग आहे. बोलण्याने अंतर बदलते, अंतराने पाहण्याचे स्थान बदलते, आणि स्थानाबरोबर चौकटीतली सारी नाती बदलतात.

मिठागराच्या चौकोनांनी प्रसन्न झालेली दृष्टी जेव्हा त्याच कांजूरमार्गच्या कचराभूमीकडे वळते, तेव्हा तिची खरी परीक्षा होते. तेथे तयार संवाद नसतो, समतोल सहज हाती लागत नाही आणि समोरच्या माणसाला आकार म्हणून वापरण्याचा मोह प्रबळ असतो. लयतत्त्वांना टाकून न देता त्यांना लौकिकाच्या कसोटीवर उतरवणे, हे मराठी समीक्षेपुढचेही काम आहे. मर्ढेकरांची परिभाषा आणि पाटणकरांची चिकित्सा यांना छायाचित्रासमोर एकत्र आणले, तर या दुर्लक्षित कलेची समीक्षा सुरू होऊ शकेल आणि रूपवाद व आशयवाद यांच्या जुन्या वादालाही एक मूर्त, तपासता येण्याजोगे क्षेत्र मिळेल.