महिन्यात चार वीक

ग्वाल्हेरचे लष्कर म्हणजे मूळ दौलतराव शिंद्यांची छावणी. १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली तळ पडला, तळाचे शहर झाले, नाव मात्र लष्करच राहिले. एका शब्दाने दोन अर्थ वागवणे आम्हांला नवे नाही.

आमच्या घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी. सहामाहीचे गुणपत्रक पुढे ठेवत नातू म्हणाला, "आजोबा, महिन्यात चार वीक असतात; पाचवा मी!" आधी मी हसलो, मग गणिताचे गुण पाहिले.

आता या कोटीचा कस पाहू. 'हा वीक वीक गेला' म्हटले तर ते यमक. शब्द दोनदा येतो. श्लेषात तो एकदाच येऊन दोन्ही अर्थ पेलतो. इथे तो पेलतो. इंग्रजीत मात्र ही कोटी उभी राहत नाही. आठवड्याच्या अनेकवचनाला शेवटी 'स' लागतो आणि 'कच्चा' हा अर्थ निसटतो. शिवाय लिहायला घेतले की स्पेलिंग एकाच अर्थाची बाजू घेते. देवनागरीला दोन्ही 'वीक' सारखेच. म्हणजे शब्द परके, खेळ आपल्या अंगणातला.

हिंदीतही ती साधली असती. पण पोराने ती मराठीत केली, तीही स्वतःच्या उणिवेवर.

तिसऱ्या पिढीचे मराठी गेले, असे दर दिवाळीला म्हणणाऱ्यांत मीही होतो. यंदा ते वाक्य मागे घेतो. गणिताचे तेवढे पाहायला हवे.