क्रीडावार्ता आणि क्रीडासमीक्षा

महाराष्ट्र विधिमंडळाने २०२० मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा संमत केला. त्या वेळी योजिलेल्या विषयांमध्ये क्रीडाविज्ञान व क्रीडाव्यवस्थापन यांच्या जोडीला क्रीडामाध्यमे आणि संज्ञापन या विषयाचाही उल्लेख होता. वृत्तपत्रविद्येचे अध्यापन पुण्याला नवे नव्हे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ते अनेक दशके चालू आहे. मात्र खेळांचे वृत्त हा अशा अध्यापनातील एक लहानसा भाग मानला जात असे. तो आता स्वतंत्र अभ्यासविषय होऊ पाहत असेल, तर त्याच्या स्वरूपाचा विचार करणे अगत्याचे ठरते. कॅमेरा हाताळणे, थेट प्रक्षेपणाची जुळवाजुळव करणे, स्पर्धांची प्रसिद्धी करणे ही कौशल्ये उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु केवळ कौशल्यांच्या बेरजेने विद्यापीठीय विषय सिद्ध होत नाही. त्याला स्वतःचा असा एक मध्यवर्ती प्रश्न असावा लागतो. मैदानावर जे घडले त्याचा अर्थ कोणत्या ज्ञानाच्या आधारे आणि कोणत्या भाषेत लावावा, हा क्रीडासंज्ञापनाचा मध्यवर्ती प्रश्न होय. या दृष्टीने पाहिल्यास ही विद्या समीक्षेची एक शाखा ठरते.

वार्ता आणि समीक्षा यांतील अंतर पुण्यातीलच एका उदाहरणाने स्पष्ट होते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात झालेल्या रणजी सामन्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा त्या वेळचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर असताना काठियावाडच्या संघाने सामनाच सोडून दिला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय खेळाडूची ही आजही सर्वोच्च खेळी आहे. असे असूनही निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना कधीच खेळावयास मिळाला नाही. धावफलक येथे संपतो. प्रतिपक्षाच्या माघारीकडे नियमाच्या दृष्टीने पाहावे की खिलाडूपणाच्या? गोलंदाजीचा दर्जा लक्षात घेता त्या खेळीचे मोल किती? निवड समित्या अशा खेळीचे वजन कसे करीत असत? हे प्रश्न आकड्यांनी सुटत नाहीत. जेथे वृत्त संपते तेथूनच समीक्षेचे काम सुरू होते.

मराठीत या कामाची परंपरा मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुढे स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेल्या बाळ ज. पंडितांनी मराठीतील धावत्या समालोचनास प्रतिष्ठा मिळवून दिली. नभोवाणीच्या श्रोत्याला काहीच दिसत नसते. त्यामुळे क्षणोक्षणी काय सांगावयाचे आणि काय वगळावयाचे, याचा निर्णय समालोचकाला करावा लागतो आणि तो निर्णय खेळाच्या जाणकारीशिवाय शक्य नसतो. भाषेचेही तसेच आहे. ‘पायचीत’, ‘यष्टिचीत’, ‘धावचीत’ हे शब्द आज सर्वतोमुखी झाले आहेत. त्यांतील ‘चीत’ हा अंश कुस्तीच्या आखाड्यातला आहे. परक्या खेळाला घरच्या खेळाची परिभाषा देऊन मराठीने तो आपलासा केला. १९६२ मध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाल्यावर वि. वि. करमरकरांनी खेळांच्या पानाला स्वतंत्र स्थान मिळवून दिले आणि देशी खेळांकडे व क्रीडासंघटनांच्या कारभाराकडेही वाचकांचे लक्ष वेधले.

या परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. क्रिकेटविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले, त्याच्या मानाने कुस्ती, कबड्डी आणि खो-खो यांविषयीचे विवेचन फारच तोकडे आहे. क्रिकेटविषयक लेखनाचाही मोठा भाग आठवणी आणि व्यक्तिपूजा यांत रमलेला दिसतो. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून सिद्ध केलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त देशी व्यायामविद्येची विपुल सामग्री आहे, परंतु ती वृत्तपत्रांच्या नित्य भाषेत उतरली नाही. ज्या कुस्तीने क्रिकेटला शब्द दिले, तिची स्वतःची परिभाषा बव्हंशी तालमीच्या भिंतीआडच राहिली.

या उणिवेचे परिणाम जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात दिसून आले. कोथरूड येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत ‘बाहेरली टांग’ या डावावर देण्यात आलेले चार गुण वादाचा विषय झाले. लढतीची चित्रफीत हजारो लोकांनी भ्रमणध्वनीवर पाहिली. वादाचा मुद्दा तांत्रिक होता. आधुनिक नियमांनुसार उभ्या स्थितीतून मारलेल्या डावाने प्रतिस्पर्ध्याची पाठ थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे जमिनीशी काटकोनाहून कमी कोन करील अशी आली, तर चार गुण मिळतात. एरवी गुण कमी होतात. तेव्हा पाठ त्या स्थितीत आली होती काय, एवढाच प्रश्न होता. हा नियम समजावून देऊन नंतर चित्रफीत दाखविली गेली असती, तर प्रेक्षकाला स्वतःचे मत बनविता आले असते. प्रत्यक्षात चर्चेचा ओघ डावाकडून पंचांच्या हेतूकडे आणि मल्लांच्या ओळखीकडे वळला. पंचांना धमकी आल्याचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. चित्र सर्वांना दिसले. ते वाचण्याची विद्या मात्र फार थोड्यांजवळ होती. नभोवाणीचा श्रोता काही न पाहताही सामना समजून घेत असे. येथे सर्व काही पाहूनही प्रेक्षक अजाण राहिला.

माध्यम खेळाचे वर्णन करते तसेच ते खेळ बदलतेही. खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत लेखबद्ध करण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. त्याच पुण्यात, बाळेवाडीच्या क्रीडासंकुलात, २०२२ मध्ये ‘अल्टिमेट खो-खो’ या व्यावसायिक स्पर्धेचा पहिला हंगाम झाला. परंपरागत खेळात पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही. खो देणे आवश्यक होते ते त्यामुळेच. नव्या स्पर्धेत ‘वझीर’ नावाच्या खेळाडूस कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा मिळाली. प्रक्षेपणाला हवी असलेली गती आणि चमक यामुळे वाढते हे खरे. परंतु खेळाच्या मूळ बंधनातून निर्माण होणारे संघभावनेचे सौंदर्य त्याने कितपत उणावते, याची चर्चा व्हावयास हवी होती. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. विजयाचे वृत्त सर्वत्र आले. नियमांतील बदलाचे विवेचन मात्र क्वचितच वाचावयास मिळाले.

क्रीडासंज्ञापनाच्या अभ्यासक्रमाची कसोटी येथे लागते. विद्यार्थ्याने निदान एका देशी खेळाचे नियम, त्यांचा इतिहास आणि परिभाषा आखाड्यात वा मैदानावर जाऊन आत्मसात करावी. जुन्या समालोचनांचे आणि वृत्तलेखांचे परिशीलन त्याने साहित्यकृतींच्या साक्षेपाने करावे. प्रसिद्धी आणि परीक्षण यांतील भेद त्याच्या मनात पक्का असावा. यावर असा आक्षेप घेतला जाईल की, नोकऱ्या संघमालक, प्रायोजक आणि प्रक्षेपण संस्था यांच्याकडे आहेत. त्यांना समीक्षक नको, प्रसिद्धिकार हवा. या आक्षेपात तथ्य आहे आणि विद्यार्थ्याच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न तुच्छ लेखण्याजोगा नाही. परंतु प्रसिद्धिकार घडविण्यास खाजगी शिक्षणवर्ग पुरेसे आहेत. त्याच कामासाठी विद्यापीठाने स्वतंत्र विभाग काढणे समर्थनीय ठरत नाही.

पुण्याला तर या बाबतीत दूरचे दाखले शोधण्याचे कारण नाही. महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन वेळा रणजी करंडक मिळवून देणारे कर्णधार दि. ब. देवधर हे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. ग्रंथाची आणि मैदानाची शिस्त एकाच व्यक्तीच्या ठायी नांदू शकते, हे या शहराने पाहिलेले आहे. नव्या विषयाच्या अध्यापकांनी तोच मेळ अभ्यासक्रमात घातला, तर पुढच्या वादग्रस्त लढतीच्या वेळी पंचाला, मल्लाला आणि प्रेक्षकाला न्याय देऊ शकेल असा एखादा जाणता लेखक तरी तेथे उपस्थित असेल.