संशय, प्रतीक्षा आणि साक्ष : मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनासंबंधी एक विचार

धर्मांतराच्या आत्मकथनाला स्वतःचे असे एक व्याकरण असते. अंधार, शोध, संशय, साक्षात्कार आणि बाप्तिस्मा अशा क्रमाने त्याची संहिता पुढे सरकते. या क्रमात संशयाची जागा ठरलेली असते आणि ती बाप्तिस्म्यापूर्वीची असते. बाबा पदमनजी यांच्या आत्मचरित्राचे ‘अरुणोदय’ (१८८४) हे शीर्षकच या दृष्टीने बोलके आहे. अरुणोदय झाला की रात्र संपते आणि जे संपले त्याचे कथन करण्यासाठी निवेदक उजेडात उभा असतो. १८५४ मध्ये घेतलेल्या बाप्तिस्म्याकडे तीस वर्षांनी मागे वळून पाहणाऱ्या या निवेदकाला शेवट आधीच ठाऊक आहे. त्यामुळे संशयाचे प्रसंग प्रामाणिकपणे येऊनही ते पायऱ्यांसारखे येतात. चढून गेल्यावर पायरीचे प्रयोजन संपते.

परंतु ज्याच्या आयुष्यात संशय बाप्तिस्म्यानंतर येतो, त्याने हे कथन कसे करावे? पंडिता रमाबाईंच्या लेखनाने हा प्रश्न उभा केला आहे आणि आपल्या समीक्षेने तो पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काळात सिस्टर जेराल्डिन व इतर धर्माधिकारी यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने उपलब्ध झाला. या पत्रांतील रमाबाई त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चचा अधिकार या साऱ्यांविषयी प्रश्न विचारतात आणि केवळ आज्ञा म्हणून काहीही मान्य करण्यास नकार देतात. १९०७ साली लिहिलेल्या ‘साक्षी’त मात्र याच काळाकडे त्या वेगळ्या नजरेने पाहतात. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त गवसला नव्हता, अशा आशयाचे विधान त्या करतात. तो गवसला १८९१ च्या सुमारास. म्हणजे ख्रिस्ती म्हणवून घेतल्यानंतरची सुमारे आठ वर्षे ही, त्यांच्याच हिशेबाने, प्रतीक्षेची वर्षे होती.

या आठ वर्षांचे काय करावयाचे, याविषयी दोन वाचने रूढ आहेत. भक्तिपर चरित्रलेखनाने ती एक उणीव मानली. अपुरी श्रद्धा पुढे पूर्ण झाली, एवढाच तिचा अर्थ. आधुनिक अभ्यासाने याच्या नेमके उलट केले. गौरी विश्वनाथन यांच्या ‘आउटसाइड द फोल्ड’ (१९९८) या ग्रंथात रमाबाईंचा संशय हा साम्राज्याच्या आणि चर्चच्या अधिकाराला दिलेला बौद्धिक छेद म्हणून वाचला जातो. हे वाचन मोलाचे आहे. त्यामुळेच पत्रांना त्यांचा आवाज परत मिळाला. पण त्याच्या आहारी गेल्यास १८९१ चे काय करावे हे उमगत नाही. संशयी रमाबाई ही खरी आणि श्रद्धावान रमाबाई ही शरणागत, असे द्वंद्व तयार होते. गंमत अशी की, ही दोन्ही वाचने एका गृहीतकावर एकमत आहेत : संशय म्हणजे श्रद्धेचा अभाव.

हे गृहीतक ख्रिस्ती परंपरेच्या मूळ संहितांनाही मानवत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवतो आणि ज्याची वाट पाहिली तो हाच काय, याचा खुलासा मागतो. येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, ज्याच्याविषयी संशय आहे त्यालाच प्रश्न विचारला गेला आहे. संशयाने संवाद तोडलेला नाही. तो संवादाचाच एक प्रकार झाला आहे. दुसरी अशी की, उत्तरात सिद्धान्त सांगितला जात नाही. आंधळे पाहू लागले आहेत, पांगळे चालू लागले आहेत, ते जाऊन सांगा, एवढेच म्हटले जाते. प्रश्न श्रद्धेचा आहे आणि उत्तर कृतीचे आहे.

या प्रकाशात रमाबाईंची आठ वर्षे पुन्हा वाचता येतात. त्या चर्चशी वाद घालतात, पण चर्च सोडत नाहीत. याच काळात, मार्च १८८९ मध्ये, त्या मुंबईत शारदा सदन सुरू करतात. वाट पाहणे हे त्यांच्याकडे निष्क्रिय राहिलेले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘साक्षी’च्या आरंभी आणखी एक प्रतीक्षा येते. तीर्थे, व्रते, दाने करून देव प्रसन्न होण्याची वाट पाहणारे डोंगरे कुटुंब आणि दुष्काळात एकामागून एक झालेले वडील, आई व बहीण यांचे मृत्यू. ती प्रतीक्षा फळाची होती आणि फळ आले नाही. अशी प्रतीक्षा भोगलेली स्त्री दुसऱ्यांदा सहजासहजी विश्वास ठेवणार नाही, हे उघड आहे. पत्रांतील प्रश्नांमागे केवळ तर्कबुद्धी नसून ही स्मृतीही आहे. त्यांचा संशय हा एकदा फसलेल्या श्रद्धेचा विवेक आहे.

मात्र ‘साक्ष’ हा वाङ्मयप्रकार या अनुभवाला पुरा पडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. साक्ष देणाऱ्याला निष्कर्ष सांगावा लागतो. त्यामुळे १८८४–८५ च्या पत्रांतील धग १९०७ च्या गद्यात निवते. अनुभव आणि प्रकार यांच्यातील हा ताण समीक्षेने लपवू नये.

हा ताण सैल करणारी संहिता मराठीत आहे आणि ती म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. फेब्रुवारी १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या एकत्र राहावयास आल्या त्या आपला सोवळेपणा आणि वेगळी चूल सांभाळून. आधी जातीचा बंध गळाला, मग श्रद्धा आली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा. पण हा बाप्तिस्मा ग्रंथाचा कळस नाही. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तोच संसार, तीच भांडणे, तेच हसू आहे. निवेदिका शेवट जाणते, तरी त्या शेवटाचा उजेड ती मागच्या प्रसंगांवर पाडत नाही. संशयाच्या दिवसांतील लक्ष्मीबाई तिला कमी प्रतीच्या वाटत नाहीत. वर्गात आपण हा ग्रंथ विनोद आणि घरगुती भाषा यांसाठी शिकवतो आणि धर्मांतर हा चरित्राचा तपशील म्हणून बाजूला ठेवतो. वस्तुतः हा विनोद हीच तिची श्रद्धेविषयीची भूमिका आहे. जी श्रद्धा आपल्या जुन्या भयांना हसू शकते, तिला ती भये नाकारावी लागत नाहीत.

रमाबाईंच्या उत्तरायुष्यातही असा एक न बोलणारा पुरावा आहे. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी समग्र बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. साक्ष एका बैठकीत सांगता येते. भाषांतर रोज नव्याने करावे लागते. प्रत्येक शब्दापाशी थांबून ‘हाच का?’ असे विचारावे लागते. १८८५ मधील प्रश्न विचारण्याची सवय येथे मोडलेली नाही. तिला काम मिळाले आहे.

श्रद्धेचे नवे होणे ते हेच असेल, तर धार्मिक आत्मकथनाच्या वाचकाला, तो श्रद्धावान असो वा नसो, ‘शेवटी काय मानले?’ या प्रश्नावर थांबता येणार नाही. ‘वाट पाहताना काय केले, आणि ते कोणत्या भाषेत सांगितले?’ हा प्रश्न त्याने विचारावयास हवा. तो न विचारल्यामुळे आपण एका विदुषीला कधी संत केले, कधी बंडखोर. ती वाट पाहत होती, एवढी साधी गोष्ट मात्र दोन्ही वेळा वाचावयाची राहून गेली.