सदाफुलीतील कवक आणि रक्तकर्काचे औषध : एका दाव्याची चिकित्सा

मुलांना होणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्कावरील उपचारात व्हिंक्रिस्टिन या अल्कलॉइडाचे स्थान सहा दशके अढळ राहिले आहे. अमेरिकेत त्यास 1963 मध्ये मान्यता मिळाली. पेशीविभाजनाच्या वेळी ट्यूब्युलिन या प्रथिनापासून तर्कू उभारली जाते. व्हिंक्रिस्टिन ट्यूब्युलिनला जखडते, तर्कू बनत नाही आणि सतत विभागणारी रक्तकर्कपेशी अर्ध्या वाटेवर अडकून मरते. हे द्रव्य मिळते सदाफुलीपासून. झाड मूळचे मादागास्करचे, पण आता आपल्याकडे परसापरसांत फुलणारे. मात्र एक ग्रॅम व्हिंक्रिस्टिन हाती येण्यास शेकडो किलो सुकी पाने खर्ची पडतात. म्हणूनच हे औषध एखाद्या बुरशीकडून पिंपात तयार करून घेता येईल काय, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी 2013 मध्ये या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर दिले. सदाफुलीच्या ऊतींत निरुपद्रवीपणे राहणारे फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम हे अंतर्वासी कवक त्यांनी वेगळे केले आणि त्याच्या संवर्धद्रवात दर लिटरमागे 76 मायक्रोग्रॅम व्हिन्ब्लास्टिन व 67 मायक्रोग्रॅम व्हिंक्रिस्टिन आढळल्याचे नोंदविले. औषध रुग्णांना परवडावे हा त्यांचा हेतू स्पष्ट आहे. रेणूंची ओळख पटविण्यासाठी वर्णलेखन, वस्तुमान-वर्णपट आणि चुंबकीय अनुस्पंदन या पद्धती त्यांनी वापरल्या. द्रव्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर या साधनांनी मिळते. ते कोणी घडविले, याचे उत्तर त्यांनी मिळत नाही. आणि सारा वाद येथेच आहे.

या वादाला पूर्वेतिहास आहे. पॅसिफिक यू वृक्षातील टॅक्सोमायसिस आंद्रेआनी हे कवक टॅक्सॉल बनविते, असे 1993 मध्ये जाहीर झाले. तेथे प्रमाण लिटरमागे अवघे 24 ते 50 नॅनोग्रॅम होते. पुढे अशा दाव्यांची रांगच लागली. वीस वर्षांनी, म्हणजे पुण्याचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच 2013 साली, जर्मनीत या कवकांची फेरतपासणी झाली, आणि ती स्वतंत्रपणे टॅक्सेन घडवितात असा कोणताही पुरावा आढळला नाही. यजमान वृक्षातून आलेला अंश कवकाबरोबर टिकून राहिला असणे शक्य आहे. कॅम्पटोथेसिनच्या बाबतीतही असेच घडले. कॅम्पटोथेका वृक्षातील फ्युजेरियम सोलानी पिढीगणिक कमी कमी द्रव्य देऊ लागले. स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज हा कळीचा एन्झाइम त्याच्यापाशी स्वतःचा नव्हता.

हाच एन्झाइम सदाफुलीच्या अल्कलॉइडांच्या मार्गावरही उभा आहे. तो मार्ग लांब आणि वाकडातिकडा आहे. खुद्द वनस्पतीतही त्याचे टप्पे एकाच पेशीत पार पडत नाहीत. रसवाहिनीजवळच्या पेशींत आरंभ, बाह्यत्वचेत मधला प्रवास आणि विशेष साठवणपेशींत शेवट, अशी कामाची वाटणी असते. 2022 मध्ये यीस्टकडून व्हिन्ब्लास्टिनचे पूर्वगामी रेणू करवून घेण्यात यश आले, तेव्हा त्यासाठी 56 जनुकीय बदल करावे लागले आणि वनस्पतींची 34 जनुके आत घालावी लागली. एवढा पसारा कवकाच्या साध्या तंतूत वसलेला असेल, तर त्याच्या जनुकसंचात तो दिसलाच पाहिजे. खूणचिन्हित कार्बनचे ग्लुकोज देऊन तो कार्बन अल्कलॉइडात उतरतो का, आणि अनेक उपसंवर्धनांनंतरही उत्पादन टिकते का, याही दोन कसोट्या आहेत. त्या पार न करता केलेले विधान अकाली म्हणावे लागेल. खोटे मात्र नव्हे.

पेशींवरील चाचण्यांविषयी अधिक कठोर होणे भाग आहे. कवकाच्या अर्काने काचपात्रातील रक्तकर्कपेशी मेल्या, एवढ्यावरून मारेकरी कोण ते ठरत नाही. फ्युजेरियमच्या अनेक जाती बोव्हेरिसिन नावाचे चक्रीय द्रव्य स्वतः बनवितात, आणि मानवी रक्तकर्कपेशींना ते मारते हे सिद्ध आहे. ते पेशीत कॅल्शियम शिरकवून मृत्यू घडविते. व्हिंक्रिस्टिनचा तेथे संबंध नाही. हेच बोव्हेरिसिन मक्यासारख्या धान्यातही विष म्हणून सापडते! अर्क शुद्ध न करता केलेल्या चाचण्यांना म्हणूनच फारसे मोल देता येत नाही. निरोगी श्वेतपेशींवरील परिणाम शेजारी मांडला नसेल, तर ते मोल आणखी घटते. याउलट कवकाने स्वतःच्या जनुकांनी घडविलेल्या अशा द्रव्यांकडे संशोधकांचे लक्ष कमी जाते, हे नवल आहे. त्यांची जनुके ओळखता येतात, उत्पादन वाढविता येते आणि रेणूत फेरफारही करता येतो. यजमानाच्या नावाची छाप त्यांवर नाही, एवढाच त्यांचा दोष दिसतो.

दावा जसाच्या तसा मान्य केला तरी हिशेब उरतोच. व्हिंक्रिस्टिनची नेहमीची मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला दीड मिलिग्रॅम असते. सुमारे एक चौरस मीटर शरीरपृष्ठ असलेल्या मुलाच्या एका मात्रेसाठी, थेंबही वाया न जाता, पुण्याच्या कवकाचा बावीस लिटरांहून अधिक संवर्धद्रव लागेल. आणि उपचारात अशा मात्रा आठवड्यामागून आठवडे द्याव्या लागतात.